पुनरुत्थानावर वाद घालण्यापूर्वी

ईस्टर जवळ आला की हा वाद हमखास पेटतो. एक म्हणतो, मेलेला माणूस उठत नाही, विषय संपला. दुसरा विचारतो, मग कबर रिकामी कशी झाली? पहिला म्हणतो, शिष्यांनी प्रेत पळवलं असेल. दुसरा म्हणतो, खोट्यासाठी कुणी जीव देतं का? यापुढे आवाज चढतो आणि मुद्दे आटतात. हे सगळे मुद्दे जवळपास तीनशे वर्षांपासून तरी चालत आलेले आहेत. थॉमस शेरलॉक यांनी १७२९ मध्ये लंडनमध्ये पुनरुत्थानाच्या साक्षीदारांवर काल्पनिक खटला भरवणारं पुस्तक लिहिलं, तेव्हाही हीच उलटतपासणी चालली होती. या प्रत्येक मुद्द्याला उत्तर आहे, आणि त्या उत्तरालाही प्रत्युत्तर आहे.

तरीही हा वाद घालण्यासारखा आहे, मात्र तो नीट घालावा लागतो. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. एक, पुरावा काय आहे आणि तो किती पक्का आहे? दोन, पुरावा हातात घेण्याआधीच आपण जगाबद्दल काय मानून बसलो आहोत? पहिल्या प्रश्नावर अभ्यासाने पुढे सरकता येतं. दुसरा बहुधा लपून राहतो आणि निकाल मात्र तोच देतो. हे दोन प्रश्न सुटे करता आले की वादातली निम्मी चिडचिड कमी होते. तुम्ही श्रद्धावान असा, नास्तिक असा की कुंपणावर बसलेले असा, पुढचं मार्गदर्शन तिघांसाठीही आहे.

कशाचं स्पष्टीकरण हवं आहे?

आपल्याकडे चमत्कार तपासण्याची एक सवय रुजलेली आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पिऊ लागले, तेव्हा वैज्ञानिकांनी पृष्ठताण समजावून सांगितला. २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागातल्या चर्चबाहेर क्रूसावरून पाणी ठिबकू लागलं, तेव्हा विवेकवादी सनल एडमारुकू यांनी ते केशाकर्षणाने भिंतीतून वर चढलेलं पाणी असल्याचं दाखवलं. दोन्ही ठिकाणी वस्तू समोर होती, हात लावून पाहता येत होतं. येशूच्या पुनरुत्थानाच्या बाबतीत ती सोय नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची घटना आणि हाती फक्त लिखाण. म्हणून इथे प्रयोगशाळेची भाषा फारशी कामाची नाही. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणाकडून ऐकून लिहिलं, असे इतिहासाचे प्रश्न विचारावे लागतात.

सुरुवातीलाच एक कागद घ्या आणि ज्यांचं स्पष्टीकरण द्यायचं त्या गोष्टी पक्केपणाच्या क्रमाने लिहा.

सर्वांत पक्की गोष्ट म्हणजे रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या अमदानीत, म्हणजे इ. स. २६ ते ३६ या काळात, येशूला यरुशलेममध्ये वधस्तंभावर मारण्यात आलं. बहुतेक अभ्यासक इ. स. ३० किंवा ३३ हे वर्ष धरतात. रोमन इतिहासकार टॅसिटस दुसऱ्या शतकाच्या आरंभी या मृत्युदंडाचा उल्लेख करतो.

दुसरी गोष्टही बऱ्यापैकी पक्की आहे. मृत्यूनंतर थोड्याच काळात त्याच्या काही अनुयायांची खात्री पटली की तो आपल्याला दिसला. निरीश्वरवादी अभ्यासकही हे सहसा मान्य करतात. मात्र ‘दिसला अशी खात्री होती’ आणि ‘दिसला’ यांत फरक आहे. तो वादात शेवटपर्यंत सांभाळा.

तिसरी गोष्ट म्हणजे पौल. आधी या पंथाचा छळ करणारा हा माणूस नंतर त्याचा सर्वांत मोठा प्रचारक झाला आणि त्याने त्याचं कारण आपल्याला झालेलं दर्शन असं सांगितलं. हे आपल्याला त्याच्या स्वतःच्या पत्रांतून कळतं.

चौथी गोष्ट, रिकामी कबर. इथे अभ्यासकांत खरा मतभेद आहे. अरिमथाईकर योसेफाने प्रेत आपल्या कबरीत ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी स्त्रियांना ती रिकामी आढळली, हे काहींना इतिहास वाटतं, तर काहींना नंतर रचलेली कथा वाटते.

ही उतरंड समोर नसली की श्रद्धावान चौथी गोष्ट पहिलीइतकी पक्की धरतो आणि संशयवादी पहिलीसुद्धा चौथीइतकी डळमळीत मानतो.

साधनं त्यांच्या वयाप्रमाणे वाचा

नव्या करारात शुभवर्तमानं आधी आणि पत्रं नंतर छापलेली असतात. लिहिण्याचा क्रम मात्र वेगळा आहे, आणि या वादात तोच महत्त्वाचा. हाताशी मराठी बायबल ठेवा. सोप्या भाषेसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ चांगलं. त्यातले उतारे पुढील क्रमाने वाचा.

पहिल्यांदा करिंथकरांस लिहिलेलं पौलाचं पहिलं पत्र, अध्याय १५. हे इ. स. ५४-५५ च्या सुमारास लिहिलं गेलं. त्यात पौल आपल्याला मिळालेली परंपरा पुढे देतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला म्हणजे पेत्राला दिसला, मग बारांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना आणि शेवटी मला. ही यादी पौलाच्या आधीची आहे आणि घटनेनंतरच्या पहिल्या काही वर्षांत घडली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल सांगतो की तो यरुशलेमला जाऊन पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. म्हणजे ही माणसं त्याला प्रत्यक्ष माहीत होती. विश्वासाच्या बाजूचा सर्वांत भक्कम कागद हाच आहे.

त्याच यादीतल्या उणिवाही टिपा. तीत स्त्रिया नाहीत आणि रिकाम्या कबरीचा स्पष्ट उल्लेख नाही. पुरला गेला आणि उठवला गेला म्हटल्यावर कबर रिकामी झाली हे गृहीतच आहे, असं समर्थक म्हणतात. पाचशे जण कुठे जमले होते, त्यांची नावं काय, हे पौल सांगत नाही आणि एकही शुभवर्तमान त्या प्रसंगाचं वर्णन करत नाही.

मग मार्क, इ. स. ७० च्या आसपासचा. चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकानस या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत मार्क १६:८ ला संपतो. स्त्रिया कबरीपासून पळतात आणि भीतीमुळे कुणाला काही सांगत नाहीत. त्यापुढच्या ओव्या नंतर जोडल्या गेल्या, यावर जवळपास एकमत आहे. म्हणजे सर्वांत जुन्या शुभवर्तमानात रिकामी कबर आहे, पण उठलेला येशू कुणाला भेटल्याचा प्रसंग नाही.

त्यानंतर मत्तय आणि लूक, आणि पहिल्या शतकाच्या शेवटाकडे योहान. कबरीवरचे पहारेकरी फक्त मत्तयात आहेत. अम्माऊसची वाट आणि येशूने माशाचा तुकडा खाल्ल्याचा प्रसंग लूकमध्ये आहे. थोमाचा संशय योहानात आहे. मार्कात कबरीपाशी एक तरुण दिसतो, मत्तयात एक देवदूत, लूकमध्ये दोन पुरुष आणि योहानात दोन देवदूत. मत्तयात शिष्यांची भेट गालीलात होते, लूकमध्ये सगळं यरुशलेमच्या परिसरात घडतं.

या फरकांचा वापर दोन्ही बाजू चुकीचा करतात. चार शुभवर्तमानं म्हणजे चार स्वतंत्र साक्षीदार, असं म्हणता येत नाही. मत्तय आणि लूक यांनी मार्क समोर ठेवूनच लिहिलं, हे बहुतेक अभ्यासक मानतात. उलट, तपशील जुळत नाहीत म्हणून मूळ घटनाच खोटी, हेही घाईचं आहे. हा निकष लावला तर जुन्या इतिहासातली फारच थोडी माणसं शिल्लक राहतील.

ज्यू इतिहासकार जोसेफस याचा दाखला देताना जरा जपून. येशूविषयीच्या त्याच्या प्रसिद्ध उताऱ्यात नंतरच्या ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली आहे, हे बहुतेकांना मान्य आहे. याकोबाच्या मृत्यूविषयीचा त्याचा दुसरा, छोटा उल्लेख अधिक विश्वासार्ह मानला जातो.

नैसर्गिक स्पष्टीकरणं: एकेक घ्या

‘काहीतरी नैसर्गिक कारण असणारच’ हे वाक्य म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. कोणतं कारण ते सांगा आणि त्याची किंमत मोजा.

प्रेत पळवलं. ही शंका मत्तयाच्या काळीही होती. मत्तय तिचा उल्लेख करून ती खोडून काढतो. हर्मान रायमारुस या जर्मन विद्वानाने ती नव्याने मांडली. त्याच्या मृत्यूनंतर लेसिंगने १७७४ ते १७७८ दरम्यान ते लेखन प्रसिद्ध केलं आणि युरोपात गदारोळ झाला. शिष्यांनी जाणूनबुजून फसवणूक केली, असं आज फार थोडे गंभीर अभ्यासक म्हणतात. त्यांचं पुढचं वागणं फसवणाऱ्यासारखं दिसत नाही. शिष्यांच्या नकळत दुसऱ्याच कुणी प्रेत हलवलं, हा पर्याय उरतो. तो अशक्य नाही, पण त्याला पुरावाही नाही.

मेलाच नव्हता, बेशुद्ध होता. हाइनरिख पाउलुसने १८२८ मध्ये हे मांडलं. याची सर्वांत कडक चिकित्सा केली डेव्हिड फ्रीडरिख श्ट्राउस याने, आणि तो स्वतः पुनरुत्थान मानत नव्हता. अर्धमेला, जखमांनी खचलेला, मलमपट्टीची गरज असलेला माणूस पाहून कुणाला मृत्यूवर विजय मिळाला असं वाटेल का, असा त्याचा सवाल होता. जोसेफसने आत्मचरित्रात सांगितलेला एक प्रसंग इथे उपयोगी पडतो. वधस्तंभावर चढवलेले त्याचे तीन परिचित त्याने रोमन सेनापती तीतसला विनंती करून खाली उतरवले. वैद्यांनी उपचार केले. तिघांपैकी दोघे तरीही मेले. जगणं अगदी अशक्य नव्हतं, पण उपचार मिळूनही शक्यता कमी होती.

याच मताची एक शाखा भारतात फोफावली. अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी, वधस्तंभावरून वाचलेला येशू काश्मीरला आला आणि श्रीनगरच्या खानयार भागातली रोझाबल ही त्याची कबर, असं मांडलं. त्याआधी निकोलस नोटोविच याने १८९४ मध्ये, लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतवासाची पोथी पाहिल्याचा दावा केला. १८९५ मध्ये जे. आर्चिबाल्ड डग्लस तिथे जाऊन आले, तेव्हा मठाच्या प्रमुखाने अशी पोथी असल्याचं साफ नाकारलं. मराठीत बाबाराव सावरकरांच्या ख्रिस्तावरच्या पुस्तकातही वधस्तंभावरून वाचलेला येशू हिमालयात येतो. आपल्याकडच्या गप्पांत काश्मीरची कथा हटकून निघते. ती सांगणाऱ्याला एकच विचारा: या घटनेच्या शंभर-दोनशे वर्षांच्या आतला कोणता दस्तऐवज हे सांगतो? पौलाच्या पत्राला लावलेली कसोटी नोटोविचलाही लागली पाहिजे.

कबरच चुकली किंवा कबर नव्हतीच. कर्सोप लेक याने १९०७ मध्ये सुचवलं की स्त्रिया चुकीच्या कबरीपाशी गेल्या. अलीकडे जॉन डॉमिनिक क्रॉसन यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की रोमन लोक अशा गुन्हेगारांना सन्मानाने पुरू देत नसत. याच्या उलट दाखलाही आहे. १९६८ मध्ये यरुशलेमजवळ येहोहानान नावाच्या माणसाची अस्थिपेटी सापडली. त्याच्या टाचेच्या हाडात खिळा अडकलेला होता. म्हणजे वधस्तंभावर मेलेल्या निदान एका माणसाला रीतसर दफन मिळालं होतं. यातून येशूलाही मिळालं असं सिद्ध होत नाही, पण ‘मिळणं शक्यच नव्हतं’ हे विधान बाद होतं.

दर्शनं झाली, पण ती मनातली. नैसर्गिक बाजूचं आजचं सर्वांत बळकट मत हेच. गेर्ड ल्यूडेमान यांनी ते विस्ताराने मांडलं. त्याला मानसशास्त्राचा आधार आहे. डेवी रीस या डॉक्टरांनी १९७१ मध्ये वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व या ना त्या रूपात जाणवलं होतं आणि सुमारे १४ टक्क्यांना तो दिसला होता. ही माणसं वेडी नव्हती. पेत्राचं दुःख आणि येशूला नाकारल्याची टोचणी लक्षात घेतली, तर त्याला दर्शन होणं अनाकलनीय राहत नाही.

पण अडचणीही आहेत. जोडीदार दिसला म्हणून तो कबरीतून उठला, असं वेल्समधली माणसं म्हणत नव्हती. मग शिष्य तसं का म्हणाले? पौल शोकात नव्हता, तो विरोधक होता. सामूहिक दर्शनाचं काय? दर्शनवादी उत्तर देतात की समूहाला एकसारखा अनुभव आल्याचे दावे इतरत्रही आहेत आणि प्रत्येकाला नेमकं काय दिसलं याची नोंद आपल्याकडे नाही. उठण्याच्या कल्पनेबद्दल नव्या कराराचे अभ्यासक एन. टी. राइट यांचा प्रसिद्ध मुद्दा असा की त्या काळचे ज्यू युगान्ती सर्वांचं पुनरुत्थान मानत, मधेच एकट्या माणसाचं मानत नसत. त्याला मार्क ६:१४-१६ चं उत्तर देता येतं: बाप्तिस्मा करणारा योहानच मेलेल्यांतून उठला आहे, असं लोक येशूबद्दल बोलत होते आणि हेरोदालाही ते पटलं होतं. म्हणजे ती कल्पना हवेत होती.

इथे एक सूचना. एकाच नैसर्गिक कारणाने सगळं सुटलं पाहिजे अशी अट घालू नका. प्रेत एका कारणाने नाहीसं झालं असेल आणि दर्शनं दुसऱ्या कारणाने झाली असतील. पण जितकी कारणं जोडाल, तितकी ती सगळी एकत्र घडण्याची शक्यता घटते. हा हिशेब मांडणाऱ्याने स्वतःच मोकळेपणाने सांगावा.

अलौकिक बाजूलाही परीक्षा आहे

प्रतिस्पर्ध्याची सगळी मतं पाडली म्हणून आपलं आपोआप सिद्ध होत नाही. ‘नक्की काय घडलं ते कळत नाही’ हा पर्याय नेहमी शिल्लक असतो.

खोट्यासाठी कुणी मरत नाही, हा मुद्दा अर्धाच खरा आहे. त्यातून प्रामाणिकपणा दिसतो, सत्यता नव्हे. प्रामाणिक माणसंही चुकीच्या समजुतीसाठी मरतात. शिवाय पेत्र, पौल, प्रेषित याकोब आणि येशूचा भाऊ याकोब यांच्या हौतात्म्याचा पुरावा बरा आहे. बाकीच्या प्रेषितांबद्दलच्या कथा बऱ्याच नंतरच्या आहेत. ‘बाराही जण हुतात्मे झाले’ असं ठोकून देऊ नका.

स्त्रियांच्या साक्षीचा मुद्दा याहून चांगला. जोसेफस लिहितो की स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये. मग कथा रचणाऱ्याने पहिल्या साक्षीदार म्हणून मरीया मग्दालीया आणि तिच्या सोबतिणींना का निवडलं असतं? याला उत्तर आहे: मृताला सुगंधी द्रव्यं लावायला स्त्रियाच जाणार, आणि मार्काच्या कथेत शिष्य तर आधीच पळालेले आहेत. दोन्ही बाजू ऐकून वजन ठरवा.

‘अलौकिक’ हा एकच तट नाही, हेही विसरू नका. पिन्खास लापिदे हे सनातनी ज्यू अभ्यासक होते. देवाने येशूला खरोखर उठवलं, असं त्यांनी १९७७ मध्ये लिहिलं, आणि तरीही येशू हा मसीहा नाही, असंही म्हटलं. बहुसंख्य मुसलमान कुराणाच्या चौथ्या सूऱ्याच्या आधारे मानतात की येशू वधस्तंभावर मेलाच नाही, देवाने त्याला वर उचललं. म्हणजे चमत्कार मान्य, पण घटना वेगळी. म्हणून पुनरुत्थान मानणाऱ्याला विचारा: काय घडलं असं तुमचं म्हणणं आहे? तेच शरीर उठलं, की पौल सांगतो ते आध्यात्मिक शरीर? आणि त्यावरून ख्रिस्ती धर्माची बाकीची तत्त्वं कशी निघतात?

सर्वांत अवघड परीक्षा मोजपट्टीची. देहूचे तुकोबा सदेह वैकुंठाला गेले, ही वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्यांचा खून झाला असावा, असं मानणारेही महाराष्ट्रात आहेत. शिर्डीच्या साईबाबांनी १८८६ मध्ये तीन दिवस प्राण वर नेले आणि म्हाळसापतींनी देह राखला, ही कथा साईभक्तांना पाठ असते. ख्रिस्ती मित्राने सांगावं: या दोन कथांना तो कोणता निकष लावतो आणि तोच पौलाच्या यादीला लावला तर काय होतं? हिंदू मित्रानेही हेच उलट्या बाजूने सांगावं. ‘आमचा चमत्कार श्रद्धा, तुमचा चमत्कार थाप’ ही भूमिका कुणालाच शोभत नाही. निकष वेगळा हवा असेल तर त्याचं कारण द्या: लेखन घटनेच्या किती जवळचं, साक्षीदारांची नावं आहेत का, विरोधकाचं मत पालटलं का. अशी कारणं देता येतात, मात्र ती द्यावी लागतात.

खरी गाठ कुठे आहे

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये मांडलेला विचार थोडक्यात असा: चमत्काराची साक्ष स्वीकारायची तर ती साक्ष खोटी ठरणं हे त्या चमत्काराहून मोठं आश्चर्य असलं पाहिजे. टीकाकार म्हणतात, या रीतीने ह्यूम निकाल आधीच लावून ठेवतो. २८ मार्च २००६ रोजी अमेरिकेतल्या वूस्टर इथे ख्रिस्ती तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेग आणि नव्या कराराचे संशयवादी अभ्यासक बार्ट एरमन यांची या विषयावर जाहीर चर्चा झाली, तेव्हा गाडी इथेच अडली. एरमन म्हणाले, इतिहासकार सर्वांत संभाव्य काय ते सांगतो आणि चमत्कार तर सर्वांत असंभाव्य असतो. क्रेग यांनी संभाव्यतेचं सूत्र पुढे करून म्हटलं, नुसती आधीची शक्यता पाहून चालत नाही, पुरावा किती जोरदार आहे तेही जमेस धरा.

हे आकड्यांत पाहा. समजा, पुराव्याचं बळ दहा हजार पट आहे; म्हणजे पुनरुत्थान घडलं असेल तर हा पुरावा मिळण्याची शक्यता, घडलं नसेल त्यापेक्षा दहा हजार पटींनी जास्त. देव नाही असं जवळपास मानणाऱ्याने सुरुवातीला घटनेच्या बाजूने दहा लाखांस एक असं प्रमाण धरलं. पुरावा पाहून ते शंभरास एक झालं. तो म्हणेल, पुरावा चांगला, पण मला पटत नाही. देव आहे आणि तो असं करू शकतो, असं मानणाऱ्याने शंभरास एक असं प्रमाण धरलं होतं. त्याच पुराव्याने त्याच्याकडे पारडं फिरलं: घडल्याच्या बाजूने शंभर, विरुद्ध एक. पुरावा तोच, दोघांचा हिशेबही बरोबर, निकाल मात्र उलटे. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, पण गाठ इथेच आहे. ख्रिस्ती तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्न यांनी २००३ मध्ये असाच हिशेब करून पुनरुत्थानाची शक्यता ९७ टक्के काढली. ती त्यांनी सुरुवातीला मानलेल्या शक्यतांवर उभी आहे, हे विसरू नका.

म्हणून चर्चेच्या आरंभीच दोघांनीही सांगावं: देव असण्याची शक्यता मी किती मानतो? तो जगात हस्तक्षेप करेल, आणि करेल तर नेमका इथेच, असं मला का वाटतं किंवा वाटत नाही? पण एवढ्याने सगळं ठरतं असंही नाही. अँटनी फ्लू या नास्तिक तत्त्वज्ञाने १९८५ मध्ये गॅरी हॅबरमास यांच्याशी पुनरुत्थानावर जाहीर वाद घातला. पुढे २००४ मध्ये सृष्टीला कर्ता असावा, असं फ्लू मानू लागले, तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत. ईश्वर मान्य होणं आणि हा चमत्कार मान्य होणं यांच्यामध्ये आणखी बरंच अंतर असतं.

प्रत्यक्ष बोलताना

समोरच्याचं मत आधी त्यालाच पटेल अशा शब्दांत सांगून दाखवा. ‘तुझं म्हणणं असं आहे ना?’ यावर तो ‘हो’ म्हणाला, की मगच खोडायला लागा.

एका बैठकीत एकच मुद्दा घ्या. दर्शनांवर बोलत असाल तर कबरीवर उडी मारू नका. मुद्दा अडला की विषय बदलणं ही या वादातली सर्वांत जुनी पळवाट आहे.

काही गोष्टी सरळ बाजूला ठेवा. तुरीनच्या कफनाची १९८८ मध्ये कार्बन चाचणी झाली आणि कापड १२६० ते १३९० च्या दरम्यानचं निघालं. त्या निष्कर्षावर आजही वाद घातला जातो, पण पुनरुत्थानाची चर्चा त्या कापडावर टांगू नका. येशू नावाचा माणूस झालाच नाही, किंवा ही सगळी इजिप्तच्या ओसायरिसची नक्कल आहे, हे दावेही लोकप्रिय आहेत; या काळाच्या बहुतेक अभ्यासकांना ते पटत नाहीत. त्यांच्यावर वेळ घालवलात तर चांगले मुद्दे तसेच राहतील.

वेळ आणि जागा पाहा. ख्रिस्ती माणसाला पुनरुत्थान हा कुतूहलाचा विषय नसतो. आपल्या मृतांना पुन्हा भेटण्याची त्याची आशा त्यावर उभी असते. पवित्र आठवड्यात किंवा कुणाच्या अंत्यविधीनंतर हा वाद उकरून काढू नये. नास्तिकालाही ‘तुला वाईट वागायची मोकळीक हवी म्हणून तू मानत नाहीस’ असं ऐकवू नये. हेतूंवर घसरलेली चर्चा पुन्हा पुराव्याकडे येत नाही. इर्ल्याच्या प्रकरणात एडमारुकूंवर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी दाखल झाल्या आणि पाण्याचा मुद्दा मागे पडला. त्याने श्रद्धेचं भलं झालं नाही आणि विवेकाचंही नाही.

जाहीर वादाची परंपरा आपल्याकडे आहेच. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी उघडपणे वाद घालत आणि लोक जमून ऐकत. ऐकणारे असले की जिंकण्याचा मोह होतो. म्हणून शक्य असेल तर आधी दोघांतच बोला, मग चारचौघांत.

उठण्यापूर्वी दोघांनीही एका प्रश्नाचं उत्तर लिहावं: कोणती गोष्ट समोर आली तर माझं मत हलेल? संशयवादी कदाचित लिहील, दर्शनाच्या प्रत्यक्ष साक्षीदाराने स्वतः लिहिलेली, पौलाहून जुनी नोंद. श्रद्धावान कदाचित लिहील, येशूचं प्रेत निश्चितपणे सापडलं तर; स्वतः पौलच म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ आहे. असं काही लिहिता आलं, तर पुढच्या भेटीत कुठून सुरुवात करायची ते दोघांना ठाऊक असेल. आणि ज्याला काहीच लिहिता येणार नाही, त्याने आपलं मत पुराव्यावर उभं असल्याचं सांगणं निदान थांबवावं.